जीपमधली जागा

अल नहदा, शारजा

प्रिय उल्हासराव,

जावयाला 'प्रिय' लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत आम्हाला तीर्थरूप आणि चिरंजीव एवढंच शिकवलं, जावई कुठे बसतो ते कुणी सांगितलं नाही. शिवानीला विचारावं तर ती म्हणणार, आजी, कुणाला लिहितेस गं? म्हणून माझं मीच ठरवलं आणि प्रिय लिहिलं. फोनच केला असता, पण तुमचा फोन संग्राम उचलतो, आजी बरी आहेस का विचारतो, बाबा शेतात गेलेत म्हणतो आणि ठेवतो. तुम्ही नेहमी शेतातच असता. तुमच्या जावयाच्या, दर्शनच्या, ओळखीचे एकजण पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देणार आहे. अक्षर वाकडं येतंय, कारण चष्मा जुना आहे आणि मांडीवर तुमची नात आहे.

काय सांगू, उल्हासराव, अशी पोरगी! मिहिका नाव ठेवलंय. संग्रामच्या मोबाईलवर फोटो बघितला असाल, पण फोटोत काय दिसतं? फोटोत सगळी बाळं सारखीच. ही अंघोळ घालताना हसते. पायावर पालथी घेतली की मान वर करून बघते, जणू मी तेल कमी लावतेय की काय. केस इतके दाट आहेत की इथली फिलिपिनी नर्स तिला उचलून दुसऱ्या नर्सला दाखवायला घेऊन गेली होती. झोपेत खालचा ओठ मुडपते, अगदी माझी नीलिमा मुडपायची तसा. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि मी पाळण्यापाशी उभीच राहिले. शिवानी म्हणाली, आजी, बस की जरा. मी म्हटलं, बसते, बसते, आधी बघू दे.

मी पणजी झाले म्हणून इथे सगळ्यांना मोठं कौतुक आहे. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही शिवानी सांगते, ही माझी आजी, बाळंतपणाला आलीय. माझ्या बाळंतपणाची तऱ्हा ऐका. पहिल्याच आठवड्यात मी ओवा, बाळंतशेपा टाकून निखाऱ्यावर धुरी केली. दार-खिडक्या बंद होत्या. दोन मिनिटांत छताला लावलेली ती पांढरी वाटी अशी काही बोंबलायला लागली की शिवानी बाळ घेऊन उठली, थोरली शर्वाणी कानावर हात ठेवून पलंगाखाली आणि खालचा वॉचमन रिझवान चौदाव्या मजल्यावर धापा टाकत दारात. पेशावरकडचा पोरगा आहे. घरात शिरला, परातीतले निखारे बघितले आणि डोक्याला हात लावून म्हणाला, अम्माजी, ये दुबई-शारजा है, इधर आग नहीं! संध्याकाळी तोच एक विजेचं भांडं घेऊन आला. इथले अरबी लोक त्यात ऊद, बखूर जाळतात, धूर कमी आणि वास जास्त. पंचेचाळीस दिरहॅमचं, म्हणजे आपले हजार रुपये, पण दर्शनकडून त्याने पैसे घेतले नाहीत. आता माझा ओवा रोज त्या अरबी भांड्यात जळतो. जाताना रिझवान म्हणतो, खलास अम्माजी, अब नो अलार्म. चांगला आहे. त्याची बायको-पोरं तिकडे आहेत, दोन वर्षांनी एकदा बघतो.

थोरली शर्वाणी सहा वर्षांची झाली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं छान चालतं. परवा तिला सांगत होते, माझ्या आईला अकरा मुलं झाली, पाच राहिली. मला तीन झाली, हाताला लागली एकटी नीलिमा. नीलिमाला दोन, तुझ्या आईला दोन, आता तू सांग बाई, तुला किती? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, आय वॉन्ट ओन्ली अ कॅट. दर्शन इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मी पण हसले. आमच्या काळी गावात भिंतीभिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण काढला होता, बाया जाता-येता पदर सारून तिकडे न बघितल्यासारखं करायच्या. आता एवढीशी पोरगी जेवता जेवता ठरवून टाकते. बघा, काळ कुठे आला. मला वाईट वाटत नाही. अकरापैकी सहा मुलं पुरणारी माझी आई मी बघितलीय, ती कधी मोजून सांगायची नाही, फक्त दिवाळीला दिवे लावताना मध्येच थांबायची.

शिवानीबद्दल मात्र तुम्हाला सांगायला हवं. पोरगी हुशार आहे, नोकरी आहे, चारचाकी चालवते, उम्म अल कुवैनला समुद्रावर मला स्वतः घेऊन गेली. पण तिच्या मनात एक भीती बसलीय. इथले डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतात, आईवडील आहेत का, कशाने गेले. शिवानी सांगते, आई चोवीसाव्या वर्षी तापाने गेली. मग डॉक्टर विचारतात, कसला ताप? हिला ठाऊक नाही. मग ते पेनाने काहीतरी लिहितात आणि बाटल्या भरभरून रक्त काढतात. हृदयाचा फोटो काढला, डोक्याचा काढला. काही निघालं नाही, तरी तिची खात्री पटत नाही. तिला वाटतं, आईच्या रक्तातलं काहीतरी आपल्यात आहे, ते अजून सापडलेलं नाही, आणि पुढे पोरींच्यात उतरेल. ती पंचवीस वर्षांची झाली त्या वाढदिवसाला केक तसाच ठेवून रडत बसली होती, हे मला दर्शनने आत्ता इथे सांगितलं. म्हणाली होती, मी आईपेक्षा मोठी झाले. मिहिकेच्या वेळी दवाखान्यात जाताना तिने दर्शनला बाजूला घेऊन सांगितलं, मला काही झालं तर दोघींना वेगळं करू नकोस, एकीला इथे आणि एकीला तिथे असं करू नकोस. मी बॅग भरत होते. माझ्या हातातलं दुपटं तसंच राहिलं.

त्यावर तुम्हाला मी काही म्हणत नाही. मुलगा तुमच्या आईने ठेवून घेतला आणि मुलगी माझ्याकडे दिली, त्या वेळी तसंच करायचे. मला तर ती मिळाली, माझं घर तिने भरलं. तुम्ही तिच्या लग्नाला आलात, मागच्या रांगेतून अक्षता टाकल्यात आणि पंगत बसायच्या आत निघून गेलात, तेव्हा मी तुमचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी ते मी गाईला घातलं. एवढंच सांगते.

आता मुख्य गोष्टीवर येते. येईन येईन म्हणता इकडे तिकडेच फिरतेय, मला कळतंय.

मिहिका सव्वा महिन्याची झाली त्या शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो होतो. शिवानी भात कालवता कालवता म्हणाली, जुलैत सुट्टीला घरी गेलो की माझं ऑपरेशन उरकून घेऊ या, आजी आहेच बाळाकडे बघायला. इथे त्याचे नियम कडक आहेत, सहज होत नाही, म्हणून लोक आपल्याकडे जाऊन करतात. म्हणाली, दुर्बिणीचं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. उल्हासराव, मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही. शिवानी सांगते की मी उठून उभी राहिले आणि ओरडले. नाही करायचं, माझ्या पोरीला हात लावू द्यायचा नाही, असं ओरडले. शर्वाणी रडायला लागली. समोरच्या फ्लॅटमधली रोझ दार वाजवून विचारायला आली, सगळं ठीक ना? मग मला बसवलं, पाणी दिलं. शिवानी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, म्हातारीला अजून पणतू हवाय. तसं ती म्हणाली पण, आजी, तुला मुलगाच हवा होता का?  मी ताटातला भात बोटांनी गोळा करत बसले.

खरं तर मी त्या ऑपरेशनला वाईट म्हणणार नाही. आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची झाली, चांगल्या ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा जास्त चालतात. आणि आता ते शाळेत बाकडी सरकवून होत नाही, चांगल्या दवाखान्यात होतं, हे मला डोक्याने समजतं. पण पोटाला कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी दर्शन गॅलरीत आला, मी दुपटी वाळत घालत होते. म्हणाला, आजी, बाईचं नको ना? मी मान हलवली. तो म्हणाला, बरं. का म्हणून विचारलं नाही. त्याचं ऑफिस दुबईत सिलिकॉन ओएसिसला, रोज त्या बॉर्डरच्या ट्रॅफिकमधून जातो आणि येतो, कधी चिडून बोलताना ऐकला नाही मी त्याला. मागच्या महिन्यात कंपनीच्या कामाला पुण्याला गेला. चार दिवसांनी आला तो जरा जपूनच सोफ्यावर बसला, मांडीखाली उशी घेतली आणि शिवानीला म्हणाला, झालं, माझं करून आलो. दोन मुली आहेत, बस, खलास.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी विचारलं, तुझ्या आईला सांगितलंस का रे? तर म्हणाला, आजी, तिला विचारत बसलो असतो तर झालंच नसतं. आणि हसला.

त्याच्या हसण्यावर मला तुमच्या आई दारात बसलेल्या दिसल्या.

पण आधी इथली गंमत सांगते, कारण हसलेही मी खूप. ऑफिसात त्याने हर्निया सांगितलं. शिवानी बर्फ आणायला रोझकडे गेली, रोझने फ्रीजमधली मटारची पिशवी दिली आणि दारातूनच ओरडली, आजी, ते मटार आता मला परत नको हां! ती वसईची आहे, तोंडाची फटकळ पण मनाची सोन्यासारखी. मला हळूच म्हणाली, माझ्या जेरार्डने पण केलंय, आमच्या फादरला सांगू नका. दर्शन दोन दिवस मटारची पिशवी घेऊन सोफ्यावर बसला, मांडीवर लॅपटॉप, टीव्हीवर क्रिकेट. उठून पाणी प्यायला गेला तर शर्वाणी म्हणाली, बाबा, व्हाय आर यू वॉकिंग लाइक अ पेंग्विन? आम्ही सगळे हसलो. शिवानीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, बूट घालून, गाडीची किल्ली बोटात फिरवत कामाला निघून गेला. तीन महिन्यांनी एक तपासणी करायची, बाकी काही नाही. काही म्हणजे काही नाही.

दार बंद झालं आणि मी न्हाणीघरात गेले. नळ सोडला. एवढंच? उल्हासराव, एवढंच होतं ते? मटारची एक पिशवी आणि क्रिकेट? मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे, शिवानीने दार वाजवलं तेव्हा उठले. मी इतकी वर्षं असं धरून चालले होते की पुरुषाचं ऑपरेशन म्हणजे काहीतरी मोठं असणार, कंबर जात असेल, महिना-महिना अंथरूण धरावं लागत असेल. तसं धरलं होतं म्हणून मला जगता आलं. माझ्या पोरीचा जीव कुठल्यातरी मोठ्या गोष्टीपायी गेला असं वाटत होतं.

तुम्हाला वाटत असेल, मला त्या सकाळचं ठाऊक नाही. मला सगळं ठाऊक आहे. नीलिमाने पडल्या पडल्या मला सांगितलं. त्या वर्षी शाळेच्या गुरुजींना वरून नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं, ते घरोघर फिरत होते, आणि तुमच्या घरातून नाव तुमचं लिहिलं होतं, तिचं नाही. तुम्ही स्वतः होय म्हणाला होतात. त्या सकाळी तुम्ही अंघोळ केलीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात. जीप दारात आली. तुमच्या आई उंबऱ्यावर बसल्या की मला ओलांडून जा. ऊसतोड चालू होती, पोरगा मोळी कशी उचलणार, त्याची ताकद गेली तर घर कोण चालवणार, म्हणून रडत होत्या. तुम्ही शर्ट काढून खुंटीला लावलात. गुरुजी म्हणाले, जागा रिकामी नेता येणार नाही हो, माझी केस जाईल. तेव्हा नीलिमाने संग्रामला, तो वर्षाचाही नव्हता, तुमच्या हातात दिलं आणि म्हणाली, मी जाते. पायात चप्पल अडकवली आणि तुमच्या जागेवर जाऊन बसली.

दुपारपर्यंत सगळ्या बाया उरकायच्या होत्या शाळेतल्या त्या शिबिरात. सतरंजीवर ओळीने निजवल्या होत्या, तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप चढला, सगळे म्हणाले असं होतं कधीकधी. मी आले तेव्हा ती मला म्हणाली, आई, ह्यांना काही बोलू नकोस हां, ते शर्ट घालून तयार होते. शेवटपर्यंत तिला तुमच्या शर्टाचं कौतुक होतं. मग बाराव्याला तुमच्या आई म्हणाल्या, पोरांना तापाने गेली म्हणून सांगू. मला ते पटलं. लहान पोरांना दुसरं काय सांगणार? आणि नीलिमाने बोलू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी तुम्हाला आजवर एक शब्द बोलले नाही.

तुमच्या आई मागच्या वर्षी गेल्या. आता कुणाचं मन राखायचं उरलं नाही. शिवानीने काल सकाळी माझे केस विंचरता विंचरता विचारलं, आजी, त्या दिवशी तू मुलासाठी ओरडली नव्हतीस ना? आईला काय झालं होतं? मागे उभी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त कंगवा थांबलेला कळत होता. मी म्हटलं, तुझ्या बाबांना ठाऊक आहे, ते येऊन सांगतील. हे पत्र त्यासाठी आहे. मी सांगू शकते, पण माझ्या तोंडून ती तुमच्याविरुद्धची तक्रार होईल, आणि ती आयुष्यभर माझीच बाजू धरून बसेल. तुम्ही सांगितलं तर तिला कळेल की तिच्या रक्तात काही नाही, तिची आई धडधाकट होती, हसत जीपमध्ये चढली होती. दर्शन व्हिसा काढतो म्हणालाय. संग्रामलाही आणा, त्याची पण ती आई होती. विमानाची भीती वाटली तर मी एकटी म्हातारी आले हे आठवा. मला तुमच्याकडून माफीबिफी काही नको, माझ्यासमोर मान खाली घालून बसू नका, मला ते बघवणार नाही. फक्त तिच्यासमोर बसा आणि त्या शर्टापासून सगळं सांगा. ती चिडेल. कदाचित तुम्हाला नको नको ते बोलेल, इंग्रजीत बोलेल, तुम्हाला निम्मं कळणार नाही. ऐकून घ्या. बापावर चिडायला बाप समोर लागतो, उल्हासराव. तेवढं तरी तिला द्या.

तुमच्याच नीलिमाची आई,
यम्ना